हुमेराला कोल्हा का दिसला नाही?

अख्ख्या चित्रपटगृहाने पाहिलेला कोल्हा हुमेराला दिसलाच नव्हता! किल्ली तोंडात धरून तो पडद्यावरून ऐटीत पळाला होता.

"कोणता कोल्हा?" हुमेराने हातांच्या खुणांनी विचारलं. तिला ऐकू येत नसे. पण गवतात पडलेलं कानातलं शोधायचं, तर सगळे तिलाच बोलवायचे. मुलं हसली तसा तिचा चेहरा उतरला. "यापुढे मी सिनेमाला येणार नाही."

शाल्मलीला ते सहन होईना. मैत्रिणीचा हात धरून तिने थेट आजोबांची प्रयोगशाळा गाठली. तिचे आजोबा, डॉ. यन्नम, सोलापुरात चित्रपटांच्या भाषांतरावर संशोधन करत. कोल्ह्याच्या त्या तेलुगू चित्रपटाची मराठी उपशीर्षके (पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या संवादओळी) त्यांच्याच यंत्रमानवाने, बोलक्याने, केली होती.

"मी एकही शब्द गाळलेला नाही," बोलका ठसक्यात म्हणाला.

"तिथंच गोम असेल." आजोबांनी हुमेराला नेत्रमागी चष्मा (नजर कुठे कुठे जाते ते टिपणारा) दिला आणि तिने न पाहिलेला दुसरा चित्रपट लावला. तिची नजर जिथे पडे, तिथे लाल ठिपका उमटे. सगळे ठिपके तळाशीच दाटले!

"नजर एका वेळी एकाच जागी टिकते," आजोबा सांगू लागले. शाल्मली ते खुणांनी हुमेराला सांगत होती. "ओळी लांबलचक, त्यात भराभर बदलणाऱ्या. त्या वाचेपर्यंत दृश्य निसटतं. पूर्वी आम्ही संशोधक मूळ वाक्य आणि भाषांतर शेजारी ठेवून चुका शोधायचो. आता विचारतो, पाहणाऱ्यापर्यंत काय पोचलं?"

"म्हणजे माझी चूक नव्हती?" हुमेराने खुणांनी विचारलं.

"मुळीच नाही, बाळा. आमची होती."

मग आजोबांनी बोलक्याला ओळी छाटायला लावल्या. 'मला वाटतं आपण लवकर निघायला हवं, नाहीतर पूल वाहून जाईल' याचं 'चला, पूल वाहून जाईल!' झालं. बोलका कुरकुरला, पण ठिपके आता चेहऱ्यांवर, हातांवर, थेट नदीवर जाऊ लागले. हुमेरा खळखळून हसली.

"आणि ज्यांना दिसत नाही, त्यांचं काय?" शाल्मलीने विचारलं.

"त्यांना संवादांच्या मधल्या शांततेत दृश्यवर्णन (पडद्यावर काय घडतंय ते) ऐकवतात. त्यावरही संशोधन वाढतंय. पण नेमकं काय सांगावं, यात बोलका अजून कच्चा आहे."

हुमेराने बोलक्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः पडद्यासमोर बसली आणि शाल्मलीला खुणावलं,

"मी बघते. तू बोल."