दाराबाहेरचं सगळं

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने काढली, त्याने कधीतरी माळी बोलावला असणार. आमच्या मागच्या बागेत काम ते केवढं! लिंबाच्या दोन फांद्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर घासायच्या, गुलाब छाटायचा राहिला होता आणि भिंतीवरची वेल पन्हाळीत शिरली होती. पण एक माळी म्हणे अर्ध्या दिवसाच्या खाली येत नाही, दुसऱ्याने गाडीभाडं वेगळं सांगितलं, तिसरा फोनवरच म्हणाला, "बाई, एवढ्याशा कामाला कोण येणार?" मी म्हटलं, एवढंसं आहे म्हणून तर विचारतेय, मोठं असतं तर घरच विकून टाकलं असतं. त्याने फोन ठेवला.

पूर्वी आम्हाला माळी लागायचाच नाही. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर यांनीच बागेचा ताबा घेतला होता. सकाळी पाण्याचा पाइप धरून शीळ घालत फिरायचे. शीळ एकच, कुठल्याशा जुन्या गाण्याची, आणि दरवेळी एकाच जागी घसरायची. मी आतून सांगायची, "अहो, तिथे वर जायचं असतं." त्यावर हे म्हणायचे, "नोंद करा, इन्स्पेक्टर." मी जन्मभर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले, आणि घरी भाजीसुद्धा उलटीपालटी करून घेते, म्हणून मी इन्स्पेक्टर. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं नाव. दुसरं कुणी मला त्या नावाने हाक मारत नाही, आणि मारलेली मला चालली नसती.

मग यांची पाठ धरली. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. हे दिवसभर मागच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचे, आणि डोळ्यांदेखत बागेचं रान होत चाललं. बागेच्या एका अंगाला गोदामाची उंच भिंत आहे. त्या बाजूने कधी ऊन येत नाही, म्हणून कुंड्या सारख्या फिरवाव्या लागतात, नाहीतर झाडं उन्हाकडे वाकडी होतात. तेवढं मी करायची. बाकीचं मला येत नव्हतं.

हा माळी सुचवला धाकटीने. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. त्याच गोदामाच्या भिंतीपलीकडे, दोन रस्ते सोडून राहते. तिचं लग्न टिकलं नाही, तेव्हापासून एकटीच आहे. लहानपणापासून तिला माझ्यातलं थोडं लागायचं. माझ्या नव्या फ्रॉकची रिबन, चित्रकलेच्या वहीतलं एखादं पान. "अख्खं नको ताई, तुकडा दे," म्हणायची. आणि तोंड असं करायची की द्यावंच लागे. पुढे यांच्यावरूनही तिची चेष्टा चालायची. "ताई, भाऊजींसारखा दुसरा कुठे मिळाला तर माझ्यासाठी बघून ठेव." सगळे हसायचे. मीही हसायची.

"किरकोळ कामाचे तो पैसेच घेत नाही," ती फोनवर म्हणाली. "जे कापतो ते घेऊन जातो, झालं."

"काड्यांचं काय करतो?"

"लावत असेल कुठेतरी. तुला काय करायचंय? फुकट ते पौष्टिक."

माळी आला तो दुपारी, फाटक न वाजवता. साधा माणूस, वय सांगता येणार नाही असा. खांद्यावर ओलं पोतं, कमरेला कलमं करायचा वाकड्या पात्याचा चाकू. मी चहा आत येऊन घ्या म्हटलं, तर उंबऱ्यापाशीच थांबला. "दाराच्या आत मी येत नाही, बाई. माझं काम बाहेरचं."

काम मात्र सुरेख. प्रत्येक फांदी तिरकी कापायचा, कापल्या जागी ओल्या मातीचा लेप द्यायचा, वर सुतळीचा एक वेढा. कापलेला तुकडा पोत्यात असा गुंडाळायचा की आई तान्ह्यालाही एवढं जपणार नाही. फक्त एक खोड होती. प्रत्येक कापणीआधी विचारायचा, "हे घेऊ?" मी "घ्या" म्हणेपर्यंत चाकू लावायचा नाही. माझी पोळी तव्यावर, आणि याचं चाललंय, हे घेऊ, ते घेऊ. शेवटी मी वैतागले.

"दादा, सारखं काय विचारता? लागेल ते घ्या की."

तो वळला. "इथलं सगळं?"

"हो, सगळं. दाराबाहेरचं सगळं तुमचं."

"बाई, पुन्हा एकदा विचारतो. दाराबाहेरचं सगळं?"

"हो म्हटलं ना," मी म्हटलं आणि पोळी उलटवायला आत वळले. हे बाकावर बसून हसत होते. "इन्स्पेक्टरचं सही-शिक्क्याचं काम आहे हे," यांनी त्याला सांगितलं.

त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला. बाग पुन्हा माणसात आली. एकदा मी बाजारातून आले, तर यांचे केस कापलेले. "वाढले होते. म्हटलं, तुम्हीच कापा," हे म्हणाले. माळी पोत्याची घडी घालत होता. केस जमिनीवर कुठेच दिसले नाहीत. मला हसू आलं. म्हटलं बरं झालं, न्हाव्याचे पैसे वाचले.

शीळ कधी बंद झाली, ते मला सांगता येत नाही. असलेली गोष्ट ऐकू येते, नसलेली लक्षात यायला वेळ लागतो. एक दिवस चहात साखर टाकायची विसरले. एरवी यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. यांनी तो सगळा चहा निमूट पिऊन टाकला. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी मीठ घातलं. तोही प्यायले. जेवण नको म्हणू लागले, पाणी मात्र तांब्यावर तांब्या. आणि हाक मारेनासे झाले. काही हवं असलं की नुसतं माझ्याकडे बघायचे.

डॉक्टर म्हणाले, वयाचं असतं, फिरायला न्या. घरी साखर तपासायचं यंत्र आहे, ते काढून मी यांच्या बोटाला सुई टोचली. मी हजारो माणसांच्या बोटांना सुया टोचल्यात. असा थेंब मी पाहिलेला नाही. पाण्यासारखा स्वच्छ, जरासा चिकट, आणि त्याला लॉन कापल्यावर येतो तसा वास. मी दुसरं बोट टोचलं. तेच. यंत्राने आकडा दाखवला नाही.

मग मी यांना उजेडात बसवलं आणि डोक्यापासून तपासत निघाले. उजव्या कानामागे केसांत हाताला काहीतरी खडबडीत लागलं. वाळलेली माती. माती नखाने काढली तर खाली तिरका, गुळगुळीत काप. जखम नाही, खपली नाही. भोवती सुतळीचा एक वेढा, कातडीत थोडा रुतलेला.

"अहो, हे कुणी केलं?"

"माळ्याने."

"आणि तुम्ही करू दिलंत?"

यांनी थोडा विचार केला. "तू म्हणाली होतीस ना, दाराबाहेरचं सगळं. मी बाहेरच बसलो होतो." आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं वाटलं असतं.

मी धाकटीला फोन लावला, माळ्याचा पत्ता दे म्हणून. ती म्हणाली, पत्ता कुणाला ठाऊक, तो आपला येतो. मी म्हटलं, मग मी तुझ्याकडे येते. "नको नको, ताई, घरात रंगकाम काढलंय, पाय ठेवायला जागा नाही." महिनाभर ती हेच सांगत होती. मी काही बोलणार, एवढ्यात तिच्या मागे कुणीतरी शीळ घातली. जुन्या गाण्याची. वर जायचं तिथे घसरली.

धाकटीने फोन ठेवून दिला.

मी चपला घातल्या आणि निघाले. भर दुपार होती, रस्त्यावर दुकानं उघडी, माणसं आपापल्या कामात. गोदामाला वळसा घातला, दोन रस्ते ओलांडले. तिच्या घराला रंगाचा वासही नव्हता. मी बाजूच्या बोळातून थेट मागे गेले.

मागे पूर्वी नुसती फरशी होती. आता तिथे बाग होती. माझा गुलाब होता, तोच जांभळट लाल. माझी वेल भिंतीवर चढत होती. माझं लिंबू होतं, कोवळं, पण तळाशी तसंच वाकलेलं. दार, दाराबाहेर बाक. आणि बाकावर पाठमोरे हे.

पाठ ताठ होती. केस यांचेच, पण काळे. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. पाय घोट्यापर्यंत ओल्या मातीत.

धाकटी झारी घेऊन दारात उभी होती. मला बघून तिने झारी खाली ठेवली, सावकाश, पाणी सांडू न देता.

"हे काय केलंस?" मी म्हटलं.

"रागावू नकोस, ताई."

"माझा नवरा आहे तो."

"तुझा तुझ्याकडे आहे की." आणि तिने ते तोंड केलं, लहानपणचं. "अख्खे कुठे घेतले मी? तुकडाच घेतला."

मला तिच्या थोबाडीत मारायची होती. आयुष्यभर मी हिला काय कमी दिलं? तिच्या कोर्टाच्या दिवसांत ती आमच्या घरी राहिली, तेव्हा हे हॉलमध्ये झोपले. बोट दिलं, तर हिने मनगट धरलं, आणि वर मलाच सांगते की मनगट म्हणजे काही अख्खा हात नव्हे. "माझ्याकडे काय उरलंय ते येऊन बघ एकदा," मी म्हटलं.

ती खाली बघत राहिली. म्हणजे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात बाकावरून हाक आली. मोकळी, ठणठणीत, लग्नाच्या पहिल्या वर्षातली.

"इन्स्पेक्टर, साखर कमी पडली आज."

मी पुढे झाले. तोंडातून "आणते" एवढं निघालंही. त्यांनी मान वळवली. माझ्यावरून नजर गेली, गुलाबावरून जावी तशी, आणि धाकटीवर जाऊन थांबली. ते तिच्याकडे बघून हसले.

"कोण आल्यात?" त्यांनी तिला विचारलं.

धाकटी काय म्हणाली ते ऐकायला मी थांबले नाही.

घरी आले तर माळी फाटकात. पोतं रिकामं, घडी घातलेलं.

"परत लावा," मी म्हटलं. "काय घ्याल ते घ्या. घर घ्या. पण परत लावा."

"कापलेलं परत चिकटत नाही, बाई."

"मी तेव्हा झाडांचं बोलत होते."

"मी दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत असावं. जाताना त्याने फाटकाची कडी नीट लावली. नंतर तो आला नाही. इथलं काम संपलं.

यांना मी घरात आणून पाहिलं. आत आणलं की मलूल होतात, ओठ सुकतात. म्हणून बाहेरच ठेवते. सकाळी पाणी देते. काल मी शीळ घातली, यांचीच, तशीच घसरवून. यांनी डोळे मिटून घेतले. मी आपलं म्हटलं, ऐकलं असेल.

धाकटीचे फोन येतात. मी उचलत नाही.

रोज मी बाक फिरवते, यांचं तोंड उन्हाकडे करते, खांदे धरून सरळ बसवते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्षही ठेवते. हे हलत नाहीत.

पण संध्याकाळी येऊन बघते, तर मान पुन्हा तिकडे वळलेली असते, गोदामाच्या भिंतीकडे.

त्या बाजूने ऊन येत नाही.