अकरा नंबरची मागची बाजू

“अहो, ही माझी जागा आहे.”

खुंटी ठोकणाऱ्या माणसाने मान वर केली. केसांवर भुरभुर पाऊस, कानामागे पिठाचा पांढरा फराटा. “असं कसं? माझ्या चिठ्ठीवर अकरा लिहिलंय की.”

तिने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. “एकोणीस आहे हे. नीट बघा... दुसऱ्या आकड्याला शेपटी आहे.”

“ही शेपटी आहे होय? कोणी लिहिलंय हे?”

मी लिहिलं होतं. राष्ट्रीय उद्यानातल्या तंबूंच्या तळाच्या फाटकावर बत्तीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या, आणि माझा एक नि माझा नऊ हे जुळे भाऊ होते. एकोणिसावर तोवर नऊ माणसांचं एक खटलं पसरलं होतं. दुसरी जागा कुठून आणू? आमच्या तळाला गर्दी एवढी, की एका गृहस्थाने आधी मधुचंद्रासाठी तंबूची जागा राखली आणि मग मुलगी बघायला सुरुवात केली. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा.

शेवटी अकरा नंबरवर दोन तंबू लागले. मध्ये एक लाकडी टेबल.

ती छापखान्यात पुस्तकांतल्या चुका काढायची. पहिल्याच दिवशी खडूने माझ्या फाटकावरच्या ‘तंबु’ला दीर्घ ऊ देऊन गेली. तो बेकरीवाला. सकाळी निखाऱ्यांवर डबा ठेवून पाव भाजायचा आणि त्या वासाने आमचं म्हातारं अस्वल रांगेत येऊन उभं राहायचं. रांग मोडायचं नाही हो, सभ्य होतं.

“पाव कसा झालाय?”

“एका बाजूने करपलाय.”

“तुम्हाला चुकाच दिसतात का सगळीकडे?”

“पगारच त्याचा मिळतो...” ती हसली. “करपलेली बाजू मला द्या. मला तीच आवडते.”

त्याने दिली. बोटाला बोट लागलं, आणि दोघंही उगाचच झाडाकडे बघायला लागले. झाडावर काही नव्हतं. मी नंतर जाऊन पाहून आलो.

पुढच्या वर्षी दोघांनी मुद्दाम तीच जागा मागितली. तिसऱ्या वर्षीही. तंबू मात्र दोनच, आणि बोलणं ‘अहो-जाहो’तच. तेव्हा खिशात फोन नव्हते, की टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला निरोप टाकता येईल.

तिसऱ्या वर्षी, निघायच्या आदल्या दिवशी, ती माझ्या खिडकीशी आली. “काका, बहीण परदेशात बोलावतेय. कायमचं. सोमवारी कळवायचंय.”

“मग?”

“कुणी थांब म्हणालं... तर थांबेन.”

ती गेली, तासाभरात तो आला. “काका, तंबूतला बू पहिला की दुसरा?”

“दुसरा. का रे?”

कान लाल करून तो म्हणाला, “पाटीच्या मागे लिहितोय. समोर उभं राहून बोलायला गेलो, की माझी जीभच फुगते.”

आमच्या तळावर प्रत्येक जागेला खांबावर पाटी असे. पुढे ‘मुक्काम आहे’, मागे ‘जागा रिकामी’. जाणाऱ्याने जाताना ती उलटायची, हा नियम. ती नियमाची पक्की, शिवाय अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय न राहणारी. त्याचा बेत चांगलाच होता.

मला तेव्हाच दोघांची मानगूट धरून समोरासमोर उभं करता आलं असतं. पण गोष्ट सांगणाऱ्याची खोड वाईट. म्हटलं, पिकू दे जरा. गालात हसत बसलो.

सकाळी चाळीस नंबरच्या मोटारीत अस्वल शिरलं. चालकाच्या जागेवर बसून हॉर्न वाजवत होतं. त्याची समजूत घालून खाली उतरवेपर्यंत नऊची बस निघून गेली होती.

खिडकीत चिठ्ठी होती. एकही खाडाखोड नाही.

‘काका, ते सकाळपासून कुठे दिसले नाहीत. निरोप घ्यायलाही आले नाहीत, म्हणजे मला समजलं. अकराची पाटी तेवढी तुम्ही उलटा. ‘रिकामी’ हा शब्द आज माझ्याने वाचवणार नाही.’

मी धावलो. पाटी उलटली. ‘जागा रिकामी’च्या खाली कोळशाने, एकेक अक्षर दाबून लिहिलं होतं – ‘थांबा. पुढच्या वर्षी एकच तंबू आणू. हो असेल तर पुलावर या.’

तो पहाटेपासून तळामागच्या ओढ्यावरच्या पुलावर उभा होता. माझ्या हातातली पाटी बघून आधी हसला... मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

“वाचलं नाही त्यांनी?”

मी मान हलवली.

“काका, ऊ दुसराच काढला होता हो मी...”

छापखान्याच्या पत्त्यावर आम्ही सात पत्रं टाकली. सातही परत आली. पाकिटावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘नोकरी सोडली. पत्ता माहीत नाही.’

तो मात्र दर वर्षी येतो. अकरा नंबर, तंबू एकच, दोघांना पुरेल एवढा. सकाळी पाव भाजतो आणि करपलेली बाजू टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवतो. अस्वल मेलं. आता तो तुकडा मुंग्या नेतात.

संध्याकाळी शेकोटीभोवती लोक माझ्याकडे गोष्ट मागतात. मी हीच सांगतो, फक्त शेवट बदलून. बस वळणावर थांबते, ती उतरते, धावत मागे येते, पाटी उलटते. पोरीबाळी टाळ्या वाजवतात. एके दिवशी तोही मागे अंधुक उजेडात येऊन बसला होता. लोक पांगल्यावर हळूच म्हणाला, “काका... वाचून झाल्यावर ती काय म्हणते?”

आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी जड कधी नव्हती.

“म्हणते, तंबू बरोबर लिहिलंय.”