पाण्याचा कल

मिस्त्रीने जुन्या फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टरने पेशंटच्या पाठीवर करावं तसं हुं हुं करत मान हलवली. "पोकळ," तो म्हणाला. "सगळी पोकळ. हिच्यावर माणूस पडला नसता तरच नवल."

मापाड्याने पुढे होऊन स्वतःही एकदा टकटक करून पाहिलं. वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात त्याची वीस वर्षं गेली होती. दुकानोदुकानी जाऊन किलोचं वजन खरंच किलोचं आहे ना, हे बघायचं त्याचं काम, आणि घरातही चहात साखर चमचा सपाट करून घालायचा असा स्वभाव. थोरल्या बहिणीने त्याला मापाडी म्हणायला सुरुवात केली आणि बायकोने ते नाव हौसेने उचललं. असा हा काटेकोर माणूस, पण न्हाणीघराच्या दुरुस्तीचं भिजत घोंगडं त्याने दोन वर्षं तसंच ठेवलं होतं. मग तीन महिन्यांपूर्वी आई तिथे पडली. मांडीचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवावी लागली. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून इस्पितळातून ताईने तिला आपल्या घरी नेलं. आता ती काठी घेऊन जिने चढू लागली होती आणि पुढल्या आठवड्याच्या रविवारी परत येणार होती. आपल्या आळसापायी आई पडली, हे मापाड्याला कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. ती पुन्हा त्या खोलीत पडता कामा नये, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

खोली पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब. समोर खिडकी, तिच्या समोर दिवाणखान्यात उघडणारं दार. डाव्या भिंतीपलीकडे आईची खोली, उजव्या भिंतीपलीकडे त्याची आणि बायकोची. मिस्त्रीने चार दिवसांत जुनं सगळं उखडून काढलं, भिंतींना गिलावा केला, जमिनीवर पाणी न झिरपणाऱ्या लेपाचे दोन हात दिले. माणूस आडव्या बांध्याचा, कानावर पेन्सिल, आणि तोंडाची टकळी अशी की ऐकणाऱ्यालाच तहान लागावी. बायकोला तो आवडला. निदान कामावर येतो तरी, ती म्हणाली.

फरशी बसवण्याआधी खोलीत पाणी भरून एक दिवस ठेवायचं, हा त्याचा नेम होता. सोमवारी सांडपाण्याच्या जाळीच्या भोकात बोळा ठोकला, दारात विटांचा तात्पुरता बांध घातला आणि चार बोटं पाणी चढवलं. मग पाण्याच्या काठाला धरून चारही भिंतींवर पेन्सिलने रेघ ओढली. पाणी रेघेखाली गेलं तर कुठेतरी मुरतंय, नाही गेलं तर काम पक्कं.

"भिंत खोटं बोलते," मिस्त्री म्हणाला, "फरशी खोटं बोलते, गिऱ्हाईक तर बोलतंच. पाणी नाही बोलत."

मापाड्याला हे वाक्य पटलं. त्याच्या कचेरीत लावावं असं होतं.

मंगळवारी सकाळी दात घासता घासता त्याने आत डोकावलं. खिडकीखाली पाणी रेघेला टेकलेलं होतं. उजव्या भिंतीवर ते रेघेच्या अर्धं बोट खाली होतं आणि डाव्या भिंतीवर अर्धं बोट वर. रेघ चुकली असणार, असं त्याने धरलं. मिस्त्री आला तेव्हा त्याला तसं सांगितलं, तर तो दुखावला. त्याने पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी काढून चारही भिंतींवर रेघेला लावून दाखवली. बुडबुडा दर वेळी बरोबर मध्ये थांबला. रेघ सरळ होती.

 मग मिस्त्रीने काडीपेटीतली एक काडी पाण्यावर टाकली. काडी जिथे पडली तिथेच राहिली. ना डावीकडे सरकली, ना उजवीकडे. पाणी स्थिर होतं, आरशासारखं होतं, आणि तिरकं होतं.

"वाऱ्यानं असेल," मिस्त्री म्हणाला. खिडकी बंद होती.

बोळा काढून त्याने सगळं पाणी सोडून दिलं आणि पुन्हा भरलं. रेघेपर्यंत, सरळ. खालच्या मजल्यावर जाऊन तो छत बघून आला. कोरडं ठणठणीत. तो दिवसभर नेहमीपेक्षा कमी बोलला आणि निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं की डाव्या भिंतीपलीकडे काय आहे. आईची खोली, मापाड्याने सांगितलं. पलंग घालून तयार ठेवलाय, उशाकडची बाजू याच भिंतीला.

बुधवारी सकाळी पाणी दाराकडे कललं होतं. बांधाच्या विटांवर ते एक बोट वर चढलं होतं, आणि डावी भिंत अर्धी खाली, अर्धी वर. मापाड्याने पट्टी आणून मोजलं, वहीत लिहिलं.  मग तो दिवाणखान्यात वळला आणि मघाशी झोपेच्या भरात लक्षात न आलेलं त्याला आता दिसलं. आईचा पलंग तिथे, न्हाणीघराच्या दारासमोर उभा होता.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, काल रात्री तो लवकर झोपला तेव्हा शेजारणीच्या मदतीने सरकवला, आईंना रात्री उठावं लागलं तर चार पावलं कमी. त्यात एवढं पांढरं पडण्यासारखं काय आहे?

तिला काय सांगणार? वीस वर्षं त्याने लोकांना सांगितलं होतं की काटा झुकतो तेव्हा कुठेतरी वजन असतं. इथे पलंग रिकामा होता. आई शंभर मैलांवर होती.

त्याने कचेरीत रजा कळवली. बायको कामावर गेली, तसा त्याने एकट्याने पलंग ओढत ओढत आपल्या खोलीत नेला, उजव्या भिंतीला लावला. चादर घातली, उशी ठेवली. मग बादली उपडी घालून न्हाणीघराच्या दारात, बांधाच्या अलीकडे बसला. दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं आणि त्याला स्वतःचं हसू येत होतं. पाण्यावर पहारा करणारा सरकारी माणूस.

वीस मिनिटं काही झालं नाही.

मग विटांवरची ओल उघडी पडू लागली. आधी एक ओळ, मग तिच्याखाली दुसरी. पाणी मागे हटत होतं. आवाज नव्हता, लाट नव्हती, वरची काडीही हलत नव्हती.

उजव्या भिंतीवर पेन्सिलची रेघ बुडाली.

तिच्यावरचा कोरडा गिलावा काळा होत गेला. एक बोट. दोन बोटं. मग चार, मग आठ. घाई नव्हती. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी, तेवढ्याच सावकाश ते सगळं त्या बाजूला वळलं आणि थांबलं.

मापाड्याच्या पायाशी जमीन उघडी पडली होती.

त्याने पाय बादलीजवळ ओढून घेतले. 

तो तसाच बसलेला असताना मिस्त्री आला. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आत पाहिलं, उजव्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणारा पलंग पाहिला, आणि त्याला जे समजायचं ते समजलं. भीती त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती, त्याने ती लपवली नाही. कोरड्या भागावर पाय ठेवत तो जाळीपाशी गेला आणि त्याने बोळा उपटला. पाणी गेलं. पण जाताना आधी जमिनीवरचं गेलं. भिंतीला लागून वीतभर उंचीचा एक पट्टा क्षणभर तसाच उभा राहिला, मग तोही खाली आला.

"फरशी मी बसवून देतो," तो म्हणाला. "शब्द दिलाय. पण साहेब, आजींना इथे आणू नका."

गुरुवार आणि शुक्रवार तो मान खाली घालून काम करत होता. खरखरीत फरशी बसवली, दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे ठोकले, उंबरा काढून टाकला. काम असं देखणं झालं की बायको तीनदा आत जाऊन बघून आली. शुक्रवारी निघताना त्याने हात धुतले नाहीत. सिमेंटचे हात तसेच फडक्याला पुसून तो गेला.

शनिवारी मापाड्याने ताईला फोन केला. लहानपणापासून तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून वाक्य आधी जुळवून ठेवलं होतं. काम लांबलंय, आईला अजून महिनाभर ठेवून घे. 

"नाही," ताई म्हणाली. ताई, जिने आईला कधी ओझं मानलं नव्हतं. "उद्या आणतेच आहे. मला आणखी जमणार नाही रे. कारण विचारू नकोस."

त्याने विचारलं नाही. त्या रात्री त्याने घरातल्या बादल्या रिकाम्या करून उपड्या घातल्या.

रविवारी अकराच्या सुमारास आई आली. काठी टेकत, मध्ये मध्ये थांबत, पण दोन जिने स्वतः चढून. बारीक झाली होती, चेहरा मात्र उजळ होता. मापाडी पुढे होऊन तिला मिठीत घेताना रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. आपण इतके दिवस एका खोलीला घाबरत होतो, आणि खरी गोष्ट ही होती, ही ऊबदार, कापूर आणि औषधांचा वास येणारी. तिला दूर ठेवायला निघालो होतो आपण. तो तिला धरून दिवाणखान्यात घेऊन आला, खुर्चीवर बसवलं. नवं न्हाणीघर दाखवतो, पण सावकाश, असं म्हणाला. आई हसली. घाई कुणाला आहे?

ताई बसली नाही. ती दाराजवळच उभी होती, पिशव्याही तिने खाली ठेवल्या नव्हत्या. बायको पाणी घेऊन आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिला अर्धाच पेला दे."

आईने पेला घेतला आणि तो तिरका धरला. तिच्या बाजूची कड उचललेली, समोरची खाली झुकलेली. असा की अर्धा पेलाही सांडायला हवा होता. मापाड्याचा हात आपोआप पुढे गेला, पेला सावरायला. मग त्याला आत दिसलं. पाणी समोरच्या कडेकडे गेलंच नव्हतं. ते पेल्याच्या काठाला सगळीकडून सारखंच समांतर होतं, कुणी मोजून आखल्यासारखं.

प्यायला तिने पेला आपल्याकडे झुकवला नाही. नुसते ओठ काठाला लावले, आणि पाणी वर आलं.

तो पाहत होता, हे तिच्या लक्षात आलं. तिने पेला खाली घेतला, तिरकाच, आणि पदराने हनुवटी टिपली.

"सवय झालीय आता," आई म्हणाली. "सरळ धरलं की अंगावर येतं."