भिंतीतला हुंकार

विषय : मोठ्या घुमटाखालील समोरच्या कोपऱ्याची भिंत उघडून पाहण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा पूर्वीचा अर्ज, त्यामागून पाठवलेली स्मरणपत्रे, आणि त्यांवर न आलेली उत्तरे.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझी पत्नी सदर भिंतीत आहे.

हे वाक्य कोणत्याही कार्यालयात पुढे सरकत नाही, हे मला कळते. मीही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडेच बसलो. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर त्यावर पेपरवेट ठेवून मी चहाला गेलो असतो. पण तुम्ही काही कार्यालयात बसलेले नाही, तुमच्यासमोर पेपरवेटही नाही, तेव्हा दिवा जरा जवळ घ्या, सुरुवातीपासून सांगतो.

सहलीची हौस हिची. मी न जाण्याची जेवढी कारणे काढली, तेवढी हिने जावयाकडून खोडून घेतली आणि आम्ही या शहरात आलो. शहर जुने. एकाच गल्लीत मशिदीची कमान, तिला टेकून देवळाची भिंत, पलीकडे चर्चची घंटा, कोपऱ्यावर ज्यूंचे कुलूपबंद प्रार्थनाघर. शतकानुशतके ही मंडळी भिंतीला भिंत लावून राहिली. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून पहिल्याच आठवड्यात डोकी फुटली असती. ही सगळ्यांशी बोलत होती. तांबटाला भांड्याचा जाडपणा विचारला, अत्तरवाल्याकडून मनगटाला फुकट अत्तर लावून घेतले आणि वर त्याच्या सुनेचे बाळंतपणही विचारून आली.

ही बोलते, मी ‘हं’ म्हणतो. आमचा संसार याच व्यवस्थेवर सुरळीत चालला होता. ती स्वयंपाकघरातून बोलायची, मी वर्तमानपत्रामागून हुंकार द्यायचो. नेमके काय ऐकले, असे तिने कधी विचारले नाही. तो तिचा मोठेपणा.

दुपारी आम्ही मोठ्या घुमटात गेलो. आत माणसे नव्हती. उंच जाळीतून येणारा उजेड जमिनीपर्यंत पोचायच्या आतच विरून जात होता. ओल्या चुन्याचा आणि नुकत्याच विझवलेल्या वातीचा वास होता. वात मात्र कुठे दिसली नाही. दाराशी रखवालदार स्टुलावर बसला होता.

“साहेब, बाईंना समोरच्या कोपऱ्यात पाठवा,” तो म्हणाला. “भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं. या कोपऱ्यात कान लावला की शब्द न् शब्द ऐकू येतो.”

“हिला हळू बोलायला सांगताय? बघा प्रयत्न करून.”

“तुमचं आपलं काहीतरीच!” म्हणत ही निघाली. मधे मोठी थडगी होती. त्यांना वळसा घालून ती कोपऱ्याच्या आडोशाला दिसेनाशी झाली.

मी भिंतीला कान लावला.

“अहो... ऐकू येतंय?”

अंगावर काटा आला. आवाज भिंतीतून नव्हे, थेट कानाच्या पाळीपाशी उमटला होता. इतक्या जवळून ती माझ्याशी शेवटची कधी बोलली, आठवेना.

“हं,” मी म्हणालो.

मग ती सुरू झाली. इथे किती गार आहे, भिंतीवरची अक्षरे कशी वेलीसारखी चढली आहेत, लेकीला हे दाखवायला हवे होते. माझ्या शेजारी चार भाषांतली माहितीची पाटी होती. दोन भाषांत बांधकामाचे साल वेगळे दिलेले दिसले. अशी चूक दिसली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

“हं.”

“अहो, इथं कुणीतरी आहे. आत या म्हणतंय.”

“हं.”

“म्हणतंय, निवांत बसून सांगा, मी सगळं ऐकेन... कुठून बोलतंय, दिसत नाही हो. जाऊ का मी?”

“हं.”

“खरंच जाऊ?”

“हं, हं.”

पेन खिशात ठेवताना लक्षात आले, ही गप्प आहे. ही गप्प असणे मला इतके नवीन होते की आधी मला माझ्या कानाचीच शंका आली.

मी थडग्यांना वळसा घालून गेलो. कोपरा रिकामा होता. गुळगुळीत दगडावर तिच्या तोंडाच्या उंचीला श्वासाची वाफ धरली होती. माझ्यासमोर ती वाफ कडांकडून आकसत गेली, नाण्याएवढी झाली, आणि मिटली. अत्तराचा वास मात्र तसाच होता.

रखवालदार धावत आला. “बाई बाहेर नाही गेल्या, साहेब. मी दारातच आहे. दुसरं दार नाही... कधीच नव्हतं.” मग अगदी हळू म्हणाला, “त्यांनी काही विचारलं होतं का? जाऊ का... असं?”

“हो.”

“आणि तुम्ही?”

मी खिशातले पेन चाचपले. त्याने मान खाली घातली. “नको होतं म्हणायला,” एवढेच म्हणाला.

पोलीस ठाण्यात मी खरे तेच सांगितले. नोकरीत कधी खोटा शेरा मारला नाही, त्याचे फळ मिळाले.

“म्हणजे त्या तुम्हाला विचारून गेल्या,” अंमलदार म्हणाला.

“हो.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“हं म्हणालो.”

“एकच की, काका.” त्याने लिहिले : पतीच्या संमतीने गेल्या.

तेव्हापासून मी इथेच खोली घेऊन आहे. लेक फोनवर रडते. “बाबा, आई गेली. घरी या.” तिला कसे सांगू, गेली असती तर मी आलोही असतो. मी रोज घुमटात जातो, माझ्या कोपऱ्यात कान लावतो आणि हिचा आवाज ऐकतो. ही मजेत बोलत असते. पहिल्या दिवशी मी भिंतीला तोंड लावून ओरडलो, “अगं, मी इथं आहे! बाहेर ये!”

तिचे वाक्य मधेच थांबले. आणि माझ्या आवाजात, आधी घसा खाकरायच्या माझ्या सवयीसकट, भिंतीतून आले :

“हं.”

ती पुढे बोलू लागली. माझे ओरडणे तिला कसे ऐकू येणार? तिचा नवरा तिच्याजवळ बसून हुंकार देत होता.

वास्तू जतन कार्यालयातला कारकून तरुण आणि सभ्य आहे.

“संरक्षित इमारत आहे, काका. खिळा ठोकायलाही वरून मंजुरी लागते.”

“मला खिळा ठोकायचा नाही. बायको काढायची आहे.”

“त्यासाठी आमच्याकडे नमुना नाही.” मग त्याने विचारले, “स्वतः बाईंची काही तक्रार आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. खरे तेच सांगितले.

काल ही लहानपणी जत्रेत हरवल्याची गोष्ट सांगत होती. सुरुवात माझ्या ओळखीची होती. शेवट मला माहीत नाही. मधेच ती थांबली. माझ्याशी बोलताना लागलेली सवय. पुढचे कुणाला हवे असते? मी ‘हं’ची वाट पाहत राहिलो. तो आला नाही. मग माझा आवाज, मी आयुष्यात कधी बोललो नाही इतक्या मायेने, म्हणाला :

“मग? पुढे काय झालं?”

ती हसली की रडली, मला कळले नाही. तिने गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. बोलता बोलता आवाज लांब जाऊ लागला, दोघे उठून आतल्या आत चालू लागल्यासारखा. मी कान दुखेपर्यंत भिंतीला दाबून धरला, पण शेवट ऐकू आला नाही.

आज कार्यालयात जाऊन आलो. अर्ज प्रलंबित आहे.