फ्रेखाच्या श्वासाचं बटण

त्या शुक्रवारी दुपारी मी वॉर्डात गेले ती एका रुग्णाचं म्हणणं पाळायला. हंगेरीत डॉक्टरकी शिकून नुकतीच इस्रायलमध्ये, बेरशेबाला घरी परतले होते. मरणाऱ्या माणसाचं ऐकायचं, हे एकच वेड तेव्हा डोक्यात होतं.

फ्रेखाचं सगळं अंग लुळं पडलं होतं. हलायच्या त्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. श्वास यंत्राचा. आमच्याकडे चालतं यंत्र बंद करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो, म्हणून यंत्राला टायमर बसवलेला. वेळ संपली की ते आपोआप थांबतं, आणि रुग्णाने 'आता पुरे' सांगितलं असेल तर डॉक्टरने ते पुन्हा सुरू करायचं नाही. फ्रेखाने कधीच सांगितलं होतं. तरी तिचा टायमर संपत नव्हता.

"कोण फिरवतं त्याचं बटण?" मी नानूली सिस्टरला विचारलं.

"का हो डॉक्टरीणबाई, हंगेरीच्या पुस्तकात नाही वाटतं?" ती हसली, पण खाटेकडे तिने पाहिलं नाही. "झिल्बर डॉक्टर फिरवायचे. संत्रं सोलत यायचे, 'उद्याचा शब्बातचा सण होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणायचे, की बटण मागे. बिचारीचं एकदाही ऐकलं नाही त्यांनी."

"आणि आता?"

"आता ते... हिवाळ्यातच वारले ना, पोरी."

बाहेर वाळूचं वादळ उठलं होतं. खिडक्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. खोलीत कफाचा आणि ओल्या रबराचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोड, सडकं. मी टायमरवर वाकले. बटणावर जाड अंगठ्याचा चिकट ठसा होता. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तर बोळ्याला संत्र्याच्या सालीचा बुरसटलेला चोथा आला. मेल्यावरसुद्धा या माणसाला दुसऱ्याच्या मरणातून हात काढवत नव्हता!

"फ्रेखा, तुला अजून तेच हवंय?"

पापण्या एकदा मिटल्या.

"इथे कुणी येतं?"

पुन्हा एकदा. मग तिची बुबुळं हळूहळू माझ्या खांद्यामागे सरकली आणि तिथेच थांबली.

मी मागे वळले नाही. तिचा जीव गुदमरू नये म्हणून तिला झोपेचं औषध टोचलं. तेही माझं कर्तव्यच होतं. मग टायमरचं बटण उपटून कोटाच्या खिशात टाकलं.

"हे कायद्यात बसतं?" नानूली कुजबुजली.

"आणि नको म्हणणाऱ्या बाईत श्वास कोंबणं बसतं?"

टायमर शेवटाला आला. यंत्राने लांब सुस्कारा टाकला... आणि थांबलं. फ्रेखाची छाती खाली बसली. काचांवर वाळू घासत होती, तेवढाच आवाज. मी तिचा हात हातात घेतला.

"सुटलीस," मी म्हणाले.

तेव्हा माझ्या मांडीशी काहीतरी हललं. खिशात. कर्र... कर्र...

यंत्राने श्वास ओढला. फ्रेखाची छाती वर आली. एवढ्या औषधाखालीही तिचे डोळे उघडले, आणि पापण्या मिटू लागल्या. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा...

बटण धरायला मी खिशात हात घातला.

आत आधीच एक हात होता. ओला, चिकट.