मिलिटरीच्या ट्रेलरचा हँडब्रेक

ही घटना खरी आहे. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. इथे तसलं काही नाही. घाटकोपरला असल्फ्याचा चढ, गेल्या वर्षीचा मे महिना आणि दुपारचे साडेतीन.

चढावर भीमराजचा वेल्डिंगचा गाळा होता. सोबतीला दत्ताराम, म्हणजे दत्तूकाका, कणकवलीकडचे. भीमराजला वेल्डिंग शिकवलं ते त्यांनीच. महिनाअखेर काका कायमचे गावी निघाले होते. तिकीट खिशात घेऊन फिरायचे आणि येईल-जाईल त्याला दाखवायचे.

शेवटचं काम आलं ते हर्षद केटरिंगवाल्याचं. त्याने लिलावात लष्कराचा जुना ट्रेलर घेतला होता. ट्रकमागे ओढायचा तो ट्रेलर त्याला आपल्या छोट्या व्हॅनला लावायचा होता.

"वजन काढ यार, माझी गाडी मरेल."

भीमराजने दांडा आखूड केला. जाडजूड कडं कापून छोटं हुक बसवलं. मग हँडब्रेकला हात घातला.

"ब्रेक काढू नको हां," काका म्हणाले.

"दोन विटा लावल्या की झालं. तुम्ही पण ना, काका!"

ब्रेकचा दांडका, तार, सगळं कुर्ल्याच्या भंगारात गेलं. ट्रेलरवर राहिली फक्त ब्रेक बसवलेली लोखंडी पट्टी. चार रिकाम्या भोकांची.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर हर्षदच्या व्हॅनला जोडून बघितला आणि सोडला. वीट सटकली. ट्रेलर उताराला लागला... आणि खाली स्टुलावर काका चहा पीत बसलेले.

भीमराज मागे धावला.

कर्रर्र... कट्.

ट्रेलर थांबला. काकांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब.

"ब्रेक कोणी वढल्यान रे?"

कोणीच नाही. ब्रेकच नव्हता.

काकांनी त्या पट्टीवर जास्वंदीचं फूल ठेवलं. "रवांदे. मिलिटरीचो माणूस. ड्युटी करताहा."

त्यानंतर ट्रेलर सोडला की आवाज यायचाच आणि ट्रेलर जागीच थांबायचा. काकांनी विटा लावणंच सोडून दिलं.

भीमराजचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. आवाज येतो म्हणजे कुठेतरी लोखंड घासतंय, एवढंच. त्यात हर्षदची भुणभुण... "बंद कर तो आवाज, लग्नाचे लोक घाबरतील."

शुक्रवारी सकाळी काका बाहेर गेले असताना भीमराजने ती पट्टी ग्राइंडरने कापली.

ग्राइंडर बंद केला.

तरी आवाज चालूच...

कर्रर्रर्र... लांबलचक. कोणीतरी जीव खाऊन ओढतंय आणि हाताला काहीच लागत नाहीये, तसा.

मग सगळं शांत झालं.

काका ओरडतील म्हणून भीमराज त्यांना काही बोलला नाही. तिथेच वाट लागली.

साडेतीनला हर्षद ट्रेलर न्यायला आला. हुक कसं काढायचं ते दाखवायला काकांनी ट्रेलर सोडला आणि उताराच्या बाजूला भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"काका, वीट!" भीमराज ओरडला.

"कित्याक? तो आसा मा."

ट्रेलर सरकला. काका हसत उभे होते. आवाजाची वाट बघत.

आवाज आला नाही.

काका भिंत आणि ट्रेलरच्या मध्ये चेपले गेले. आणि मग...

कर्रर्र... कट्.

चाकं जागीच आवळली. चार माणसांनी जोर लावला, ट्रेलर तसूभर हलेना. काका शुद्धीवर होते.

"भीम... तेका सांग... सोड म्हणान..."

"सोड रे!" भीमराज रडत ओरडत होता. "पट्टी मी कापली, सोड त्यांना!"

वीस मिनिटं गेली. काकांची मान खाली पडली. त्याच क्षणी चाकं मोकळी झाली. भीमराजने एका हाताने ट्रेलर भिंतीपासून बाजूला ओढला.

वाचवणारा तोच होता आणि दाबून धरणाराही तोच, की दोघं वेगळे? भीमराजला आजही कळलेलं नाही. गाळा त्याने बंद केला.

काकांना गावी नेलं, त्याच तारखेच्या आसपास, ज्या तारखेचं तिकीट होतं. काकांची बायको, वनमालाकाकी, अधूनमधून फोन करतात. दर वेळी एकच प्रश्न. शेवटी ते काय म्हणाले?

"काही नाही, काकी. लगेच गेले," भीमराज सांगतो.

गेल्या रविवारीही काकींनी तेच विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "भीमा, दुपारचा घराच्या मागे कोणतरी कायतरी वढता रे... कर्रर्र करून. तुका काय म्हायती आसा?"

भीमराजने फोन ठेवून दिला. तेव्हापासून तो काकींचा फोन उचलत नाही.