चावीवाल्याचं आडनाव

साताऱ्यात स्टँडमागं नाथाजी सुभेदारांचं लस्सी-कोल्ड्रिंकचं दुकान होतं, आणि दुकानाच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमची पेटी. फौजेतून रिटायर झालेला माणूस असलं खूळ ठेवतो म्हणून गल्ली आधी हसली, मग पोरांची झुंबड बघून गप्प बसली. सुभेदार दुपारी जेवून आडवे झाले की गल्ल्यावर त्यांची लेक अबोली बसायची. नावच तेवढं अबोली... जिभेचं विचारू नका.

श्रावणातली सर चुकवायला एक उंच, सावळा मुलगा आत शिरला. एमआयडीसीतल्या कारखान्यात नवीनच लागलेला. फुकट उभं कसं राहायचं म्हणून त्यानं पेटीत नाणं टाकलं. खेळ सोपा – इवल्याशा डायनासोरनं तोंडातून बुडबुडे सोडायचे, शत्रूला त्यात कोंडायचं आणि बुडबुडा फोडायचा. शत्रू तरी कसला, पाठीला चावी लावलेलं, डोळे वटारून तुरुतुरु चालणारं खेळणं! पोरं त्याला चावीवाला म्हणत. शेंबडी पोरंसुद्धा त्याला लोळवायची. हा मात्र मेला. पुन्हा नाणं टाकलं, पुन्हा मेला.

"पहिल्याच पडद्यावरचा आहे तो," अबोली गल्ल्यावरून म्हणाली. "सगळ्यात साधा."

"पडद्याकडं बघितलं तर साधा," तो म्हणाला.

अबोलीचे कान तापले. बाटल्या पुसायचं काम तिला एकाएकी आठवलं.

मग तो रोजच येऊ लागला, दुसऱ्या पाळीला जायच्या आधी. रोज मरायचा. पोरांनी त्यालाच चावीवाला नाव पाडलं, आणि सुभेदारही तेच म्हणू लागले. खरं नाव कुणी विचारलंच नाही. दिवाळीनंतर पेटीत खेळाचा नवा भाग आला. रंग नवे, शत्रू नवे, त्यातही तो चावीवाला होताच. आणि दुकानातला चावीवालाही.

एकदा दुकानात कुणी नव्हतं. अबोलीनं धीर करून पेटीची दुसरी दांडी हातात घेतली. कोपराला कोपर लागत होतं... आणि दोघंही पडद्याकडं फारच निरखून बघत होते. तिनं चावीवाल्याला बुडबुड्यात कोंडलं आणि गंमत बघत राहिली.

"फोडा लवकर. लई वेळ कोंडला तर चिडतोय त्यो."

ती नाही म्हणेपर्यंत बुडबुडा आपोआप फुटला. खेळणं लालबुंद होऊन दुप्पट वेगानं अंगावर आलं, आणि अबोलीनं शेजारी उभ्या मुलाचं मनगट गच्च धरलं. खेळ संपला. मनगट सुटलं नाही.

तेव्हा त्यानं नाव सांगितलं. महेंद्र धोंडिराम कांबळे, सांगलीचा. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, तेही सांगितलं. लपवून काही नको, म्हणाला. आता हात काढून घेतलास तरी राग नाही.

तिनं काढला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनात जी भीती शिरली, ती शिरलीच. वडिलांचं, आबांचं खाकरणं ऐकलं तरी ती पेटीपासून लांब सरकायची. गल्लीतल्या प्रियंकाचं असंच घरी कळलं होतं. तिचं कॉलेज सुटलं, महिन्याभरात दहिवडीकडं दिली, आणि पुन्हा माहेरी दिसली नाही. आणि त्या मुलाला कुणी किती मारलं, हे गल्लीत मोठ्यानं कुणी बोलत नसे. अबोलीला स्वतःपेक्षा महेंद्रच्या हाडांची धास्ती जास्त होती.

त्यात आबांना तो आवडायला लागला! बाटल्यांचे क्रेट न सांगता उतरवून द्यायचा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एका दिवशी जेवताना आबा म्हणाले, पोरगं तुझ्यासाठी वाईट न्हाई, तेवढं घराणं इचारून घेतो. अबोली अर्ध्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं महेंद्रला अडवलं. आडनाव जाधव सांगा, पुढचं पुढं बघू, म्हणून हातापाया पडली.

"गिळलेलं आडनाव घशात अडकतंय, अबोली."

"आणि माझा जीव अडकलाय, त्याचं काय?"

तेवढ्यात आबा डोळे चोळत बाहेर आले. खुर्ची ओढून बसले, त्यालाही बसवलं.

"नाव काय रं तुझं? पूर्ण सांग."

"महेंद्र..." तो म्हणाला आणि थांबला. त्यानं अबोलीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. महेंद्रनं मान खाली घातली. कधी खाली न जाणारी ती मान तिच्यासाठी खाली गेली, आणि ओठ 'जाधव'मधला 'जा' म्हणायला उघडले.

अबोलीला आबांची इतकी भीती कधी वाटली नव्हती, जितकी त्या खाली गेलेल्या मानेची वाटली. असा माणूस मिळवून ती करणार काय होती?

"महेंद्र धोंडिराम कांबळे," ती म्हणाली. "सांगलीचे."

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. "तुला कसं ठावं?"

तिनं गल्ला घट्ट धरला. "कारण तेच नाव मला लावायचंय, आबा."

आबा उठले, टोपी घातली, उंबऱ्यात थांबले. मागं न बघताच म्हणाले, "तुझ्या बापाला घेऊन ये. रविवारी."

कशासाठी, ते सांगितलं नाही. आवाजावरूनही कळेना.

"भ्या वाटतंय?" महेंद्रनं हळूच विचारलं.

"लय," अबोली म्हणाली. "तरीपण आणा त्यांना."